मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये मेटल क्लीट्स: चालतील, पण चौदाच्या आधी नको

मेटल क्लीट्स, म्हणजे तळाला धातूची पाती असलेले बूट. त्यांचा विषय निघाला की पालकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ती फाटलेली नडगी. समोरच्या मुलीच्या पायात घुसलेलं पातं, रक्त, टाके. असं होतं, नाही असं नाही. पण वाद तिथेच घोटाळत राहतो आणि ज्या दुखापतीने खेळाडूचा अख्खा सीझन वाया जातो तिच्याकडे कुणी बघतच नाही. धातूचं पातं जमिनीत रुततं, पाऊल तिथेच अडकतं आणि वरचं शरीर वळतं. त्या पिळ्यात घोटा आणि गुडघा सापडतो, आणि तो बूट घालणारीचा स्वतःचा असतो.

मत आधीच सांगून टाकते. बारा वर्षांखालच्या गटात मेटल अजिबात नको. बारा ते चौदा या पट्ट्यातही नको. खरा वाद याच पट्ट्याचा आहे, म्हणून त्यावर खाली जरा जास्त लिहिलंय. चौदा पूर्ण झाल्यावर चालेल, पण इनफिल्ड (चार बेसमधलं आतलं मैदान) मातीचं असेल, बेस (धावणारीने गाठायचे टप्पे) धडकेने सुटून येणारे असतील आणि मुलीला स्लाइड (घसरत बेस गाठणं) नीट येत असेल तरच. यातलं एक जरी नसलं तरी मोल्डेडवरच, म्हणजे रबरी खुंटांच्या बुटांवरच खेळवा.

पायाखाली काय असतं

मेटल क्लीटच्या सोलला पुढे पाच-सहा आणि टाचेखाली तीन अशी स्टीलची चपटी पाती असतात. पात्याची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. मोल्डेड क्लीटमध्ये त्या जागी रबराचे खुंट असतात, सोलसकट एकाच साच्यातून निघालेले आणि शेंड्याला चांगले रुंद. खेळाडूचं वजन तेवढंच, पण मेटलमध्ये ते फार थोड्या जागेवर एकवटतं. म्हणून कडक मातीवर मेटल आत शिरतं आणि रबर वरच टेकून राहतं.

या दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. टीपीयू नावाच्या कडक प्लास्टिकचे खुंट असलेले बूट मिळतात. रबरापेक्षा पातळ, धातूपेक्षा बोथट, आणि थोडा जोर आला की किंचित लवणारे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मोल्डेड कमी पडतंय अशी खरोखर तक्रार असेल तर आधी हे घालून बघावेत. बहुतेकींची तक्रार इथेच मिटते. सरावासाठी टर्फ शूज वेगळे. त्यांच्या सोलवर छोट्या रबरी गाठींची दाट पेरणी असते, आणि सिंथेटिक मैदान, बॅटिंग केजची चटई आणि पिचिंग मॅट या तिन्ही ठिकाणी तेच योग्य.

पकड कमी पडते ती बुटामुळे की मैदानामुळे?

मेटलच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा पकडीचा असतो आणि तो खोटा नाही. बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. एवढ्या कमी अंतरात पहिल्या दोन पावलांचा जोर वाया गेला तर बेस चोरताना रनर (धावणारी) बाद होते. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरला) उजवीकडे झेपावून, पाय रोवून पहिल्या बेसला फेकायचं असतं. त्या रोवलेल्या पायाखालची माती सरकली की थ्रो आखूड पडतो.

पण माती सरकते का, ते एकदा खाली वाकून बघा. इनफिल्डची माती म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं मिश्रण, त्यात साधारण ६० ते ७० टक्के वाळू. उन्हात सुकून वर सेंटीमीटरभर सुटा थर तयार झाला आणि खाली कडक कवच राहिलं, की रबराचे खुंट सुट्या थरातच फिरत राहतात. कवचापर्यंत पोचायला मेटलच लागतं. म्हणजे अशा मैदानावर मेटल मागणारी मुलगी बरोबरच बोलत असते, फक्त इलाज चुकीच्या जागी शोधला जातो. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी देऊन माती खोलवर ओली केली, सकाळी वरचे पाच-सहा मिलिमीटर खिळ्यांच्या ड्रॅगने मोकळे केले, त्यावर जाळी फिरवली आणि सामन्याआधी हलका फवारा मारला, तर त्याच मातीत मोल्डेडसुद्धा व्यवस्थित बसतो.

तपासायची सोपी पद्धत अशी: क्लीट घालून शॉर्टस्टॉपच्या जागेवर जोरात पाय रोवा आणि उचला. खुंटांचे ठसे स्वच्छ उमटले आणि आजूबाजूची माती जागची हलली नाही, तर ओलावा बरोबर आहे. ठसाच उमटला नाही आणि पाय घसरला, तर मैदान कोरडं पडलंय. पायाबरोबर ढेकूळ निघालं, तर पाणी जास्त झालंय. ज्या लीगमध्ये ही तपासणी कुणी करत नाही आणि मेटलला परवानगी मात्र द्यायची आहे, तिथे ग्राउंड्समनचं काम मुलींच्या घोट्यांवर ढकललं जातंय, असं मला वाटतं.

ओल्या चिकणमातीची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मोल्डेडच्या खुंटांमध्ये चिखल गच्च बसतो आणि चार पावलांत सोल सपाट होतो. पात्यांवरून चिखल त्यामानाने लवकर निसटतो. पण इतका चिखल असेल तर सामना थांबवायला हवा. शिवाय ओल्या रबरी होम प्लेटवर मेटल घसरतं, हे बऱ्याच जणी पहिल्यांदा धावत येऊन पाय टाकतात तेव्हाच कळतं.

बारा ते चौदा: घोट्याच्या आत काय चाललेलं असतं

या वयात नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाची वाढीची प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर, बंद होत असते. मुलींमध्ये हे साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान, मुलांमध्ये थोडं उशिरा. ती एकदम बंद होत नाही: आधी मधला भाग, मग आतल्या बाजूचा आणि शेवटी बाहेरच्या बाजूचा. ही प्रक्रिया पुरी व्हायला साधारण दीड वर्ष लागतं. त्या दीड वर्षात घोट्याचा आतला भाग पक्का असतो आणि बाहेरचा कोपरा अजून कूर्चेवर बसलेला असतो. अशा वेळी पाऊल जमिनीला खिळलं आणि पाय बाहेरच्या बाजूला पिळला गेला, तर तिथलं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) फाटत नाही. ते हाडाचा तो कोपराच ओढून काढतं. याला टिलो फ्रॅक्चर म्हणतात. सांध्याच्या आतलं फ्रॅक्चर असल्यामुळे बऱ्याचदा सीटी स्कॅन करावा लागतो आणि तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर साधारणपणे स्क्रू घालतात. पायरीवरून घसरूनही हे होऊ शकतं, त्याला मेटलच हवं असं नाही. पण पाऊल खिळवून ठेवणारी वस्तू नेमक्या याच वयात पायात का घालायची, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

गुडघ्याचंही तेच. दिशा बदलणं आणि एकदम थांबणं ज्या खेळांत असतं, त्यांत वयात आलेल्या मुलींना एसीएल (गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंट) फाटण्याचा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दोन ते आठ पट सांगितला जातो. हा फरक दिसू लागतो तो वयात येतानाच: उंची झपाट्याने वाढते आणि मांडीमागच्या स्नायूंची ताकद मागे पडते. उडी मारून उतरताना गुडघे आत वळत असतील तर त्या मुलीला जास्त पकड देणं म्हणजे आगीत तेल. आधी तिला उतरायला शिकवा: गुडघे पावलांच्या रेषेत, नितंब मागे, आवाज न करता.

बॅटिंगमध्ये ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. स्विंग करताना मागचा पाय चवड्यावर फिरतो, टाच वर येते. बॅटर्स बॉक्सची माती कडक असेल आणि मागच्या पायाची पाती पूर्ण रुतली असतील, तर चवडा फिरत नाही आणि तो पीळ गुडघा घेतो. मेटल घालून दहा स्विंग मारायला सांगा आणि तिच्या मागच्या पावलाचा ठसा बघा. गोलाकार खरडलेला दिसला तर पाय फिरतोय. पात्यांचे खड्डे जसेच्या तसे राहिले असतील तर फिरत नाही.

आठ ते बारा-तेराच्या वयात टाचदुखीही असते, सेव्हर्स नावाची. टाचेच्या हाडाच्या वाढत्या भागावर पोटरीची ओढ बसते आणि खालून कडक सोलचा मार. टाचेखाली तीन पाती म्हणजे तीन बिंदूंवर दाब. सराव संपल्यावर मुलगी चवड्यावर चालत असेल तर दोन्ही बाजूंनी टाच दाबून बघा. कळ आली तर काही आठवडे टर्फ शूज, पोटरीचे ताण आणि टाचेखाली जेलचं पॅड.

स्लाइड

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

पाय दुमडून करायची स्लाइड, इंग्रजी चारच्या आकड्यासारखी दिसणारी, हीच मुलांना आधी शिकवावी. बेसच्या साधारण अडीच-तीन मीटर आधी सुरुवात. उडी मारायची नाही. धावताना जसं बसतो तसं खाली बसायचं. एक पाय दुमडून दुसऱ्या गुडघ्याच्या खाली, वरचा पाय समोर, गुडघा किंचित वाकलेला, टाच जमिनीपासून दहा-पंधरा सेंटीमीटर वर आणि बोटं आकाशाकडे. अंग घासतं ते दुमडलेल्या पायाच्या मांडीवर आणि नितंबावर. हात वर, मुठी सैल. हनुवटी छातीशी, नाहीतर डोकं मागे आपटतं.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, उशीर: बेसपासून मीटरभर अंतरावर खाली बसणं. वेग जिरायला जागाच उरत नाही, सगळा वेग घोट्यात जातो. दुसरी, वरच्या पायाची टाच खाली येणं. मोल्डेड असेल तर टाच घासत जाते, मातीत एक चर उमटते आणि खेळाडू शिव्या खाऊन उठते. मेटल असेल तर टाचेची तीन पाती माती पकडतात, पाऊल थांबतं आणि मागून येणारं पन्नास किलो वजन त्यावर चढतं. तिसरी चूक दुमडलेल्या पायाची. ते पाऊल आडवं, बाहेरची कड जमिनीला लागेल असं ठेवायचं असतं. सोल खाली राहिला तर पाती रुततात आणि घोटा शरीराखाली सापडतो. चौथी चूक मनाची: स्लाइड करू की नको. अर्धवट खाली बसून पुन्हा उभं राहायचा प्रयत्न मेटलमध्ये फार महाग पडतो. खाली बसायचं ठरलं की बसायचंच.

शिकवायचा क्रम असा: आधी ओल्या गवतावर किंवा पाणी मारलेल्या ताडपत्रीवर, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर. मोज्यांवर टाच खाली आली तरी काही बिघडत नाही, आणि सवय मात्र लागते. मग त्याच जागी टर्फ शूज आणि नुसती ठेवलेली, न खिळवलेली बेस. मग मातीवर मोल्डेड. मेटलला परवानगी देण्याआधी माझी अट एवढीच: मोल्डेड घालून, पूर्ण वेगात, सलग दहा स्लाइडमध्ये वरच्या टाचेची चर एकदाही दिसता कामा नये. नऊला दिसली नाही आणि दहाव्याला दिसली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. कोचला हा खडूसपणा वाटेल, वाटू दे.

आता बेस. धडक बसली की जागचा सुटून येणारा बेस हा बुटाच्या वादापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. १९८८ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात मिशिगनमधल्या हौशी सॉफ्टबॉलचा एक अभ्यास छापून आला. जवळजवळ सारख्याच संख्येने सामने साध्या, पक्क्या बसवलेल्या बेसवर आणि सुटणाऱ्या बेसवर खेळवून बघितले. पक्क्या बेसवर स्लाइडच्या ४५ दुखापती, सुटणाऱ्यांवर दोन. म्हणजे ९६ टक्के घट. खेळाडू प्रौढ होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा मुलांना लावू नये, पण दुखापतीची तऱ्हा तीच आहे. बैठकीत मेटल हवं की नको यावर दोन तास वाद घालणाऱ्या लीगचे बेस अजूनही जमिनीतल्या चौकोनी नळीत पक्के बसवलेले असतील, तर आधी पैसे तिथे घाला. फक्त एक काळजी घ्या: सुटणाऱ्या बेसच्या खोबणीत माती साठली की तो सुटत नाही. दर दोन-तीन इनिंग्जनी ब्रशने साफ करायला माणूस नेमावा लागतो.

डोकं पुढे टाकून केलेल्या स्लाइडमध्ये रनरला स्वतःच्या बुटाचा धोका नसतो; तिच्या हाताच्या बोटांवर फिल्डरचा पाय पडण्याचा असतो. फिल्डरच्या पायात मेटल असेल तर ही स्लाइड बंद ठेवलेली बरी. बेसवर परत फिरण्यापुरतीच ठेवा.

समोरच्या खेळाडूचं काय

कापण्याच्या जखमा बहुतेक ठरलेल्या जागांवर होतात. दुसऱ्या बेसवर टॅग करणारीची (रनरला चेंडू लावून बाद करणारीची) नडगी आणि हाताची मागची बाजू. पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या मुलीच्या टाचेच्या मागचा भाग. कॅचरला शिन गार्ड असतात, ती त्यातल्या त्यात सुरक्षित.

पहिल्या बेसचा प्रश्न दुहेरी बेसने जवळजवळ सुटतो. १५ बाय ३० इंचांचा बेस, अर्धा पांढरा फेअर बाजूला, अर्धा नारिंगी फाउल बाजूला. रनर नारिंगी भागावरून पळते, फिल्डर पांढऱ्यावर. चौदा वर्षांखालच्या कुठल्याही गटात हा असावाच, मेटल असो वा नसो. दुसऱ्या बेससाठी मात्र फिल्डरला शिकवावं लागतं. बेसच्या पुढे, रनरच्या वाटेत पाय ठेवून उभं राहायचं नाही. बेसच्या बाजूला किंवा मागे, बेसला दोन्ही पायांमध्ये घेऊन नव्हे. ग्लोव्ह खाली आणून टॅग लावला की हात लगेच वर. ग्लोव्हचा हात जमिनीवर ठेवून वाट बघणाऱ्या मुलीच्या मनगटावर पाय पडतो.

पात्याची जखम दिसते त्यापेक्षा खोल असते आणि आत माती जाते. वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पाच मिनिटं धुवा, मग स्वच्छ कापडाने दाबून धरा. कडा फाकत असतील, हाड किंवा चरबी दिसत असेल, बोटं हलवता येत नसतील, तर डॉक्टरकडे. मातीची जखम असल्यामुळे टिटॅनसचा शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर बूस्टर घ्यावा लागतो. म्हणून प्रत्येकीची तारीख टीमच्या वहीत असावी. रक्त वाहत असेल तर खेळाडूला बाहेर यावं लागतं आणि रक्त थांबून कपडे बदलेपर्यंत परत जाता येत नाही, हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे.

एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: नवी कोरी पाती तितकी कापत नाहीत. त्यांच्या कडा गोलसर केलेल्या असतात. कापतात ती गाडीतळावरच्या सिमेंटवरून चालून आलेली. सिमेंटवर घासून पात्याच्या कडेला बारीक, वाकडी धार चढते, बोट फिरवलं की लागते. सामन्याआधी पंच बॅट आणि हेल्मेट बघतात. त्याच वेळी प्रत्येक बुटाचा सोल उलटा करून पात्यांच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर बारीक कानशीने चार-सहा हात मारून कड गोल करायची. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नये, ते पुढच्या वेळी मुळातून तुटतं आणि तुटलेला तुकडा इनफिल्डमध्ये राहतो.

नियम काय म्हणतात

लिटल लीग या मुलांच्या अमेरिकी संघटनेच्या सॉफ्टबॉलमध्ये मेजर्स (साधारण बारा वर्षांपर्यंतचा गट) आणि त्याखालच्या गटांना धातू बंद आहे, मोल्डेड चालतात. अमेरिकेतल्या हायस्कूल आणि कॉलेजच्या सामन्यांत मेटल चालतं. मधल्या वयांसाठी प्रत्येक संघटना आपापली रेषा आखते, आणि स्पर्धेचे आयोजक किंवा मैदानाचे मालक त्याहून कडक नियम लावू शकतात. यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमपुस्तकात जिथे मेटल चालतं तिथेही आकारावर मर्यादा आहे: पाती सोलपासून पाऊण इंचापेक्षा, म्हणजे सुमारे १.९ सेंटीमीटरपेक्षा जास्त बाहेर यायची नाहीत. गोल धातूचे खिळे चालत नाहीत, त्यामुळे ट्रॅकवर पळायचे स्पाइक्स घालून येणारीला परत पाठवतात. बदलता येणारे खुंट सोलच्या आत फिरवून बसणारे असतील तर चालतात. सोलमधून बाहेर आलेल्या बोल्टवर चढवायचे असतील तर नाही. कारण सरळ आहे: दुसऱ्या प्रकारात खुंट निसटला की उघडा बोल्ट उरतो.

नियम गटाला लागतो, खेळाडूच्या वयाला नाही, आणि इथे खरी गोची होते. चांगली खेळते म्हणून बारा वर्षांची मुलगी वरच्या गटात घेतली, की ती मेटल घातलेल्या पंधरा वर्षांच्या रनरसमोर दुसऱ्या बेसवर उभी राहते. तिच्या स्वतःच्या पायातही मेटल घालायला नियमाने हरकत नसते. लीगने स्वतःच्या नियमांत एक ओळ घालावी: गट कुठलाही असो, चौदा पूर्ण नसतील तर पायात धातू नाही. जन्मतारखेचे दाखले नोंदणीच्या वेळी घेतलेलेच असतात.

सिंथेटिक टर्फवर मेटल चालत नाही हे सांगायला नको, पण दर स्पर्धेत कुणीतरी फक्त मेटलचीच जोडी घेऊन येतं. पात्यांनी तंतू आणि खालचं कापड कापलं जातं, म्हणून मालक गेटवरच अडवतात. आणि न अडवलं तरी टर्फमध्ये पाती मातीपेक्षा घट्ट अडकतात.

पिचर

पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, विचार वेगळा करावा लागतो. सॉफ्टबॉलमध्ये उंचवटा नसतो, ती जिच्यावर पाय ठेवून टाकते ती प्लेट जमिनीच्या पातळीत. विंडमिल पिचमध्ये (हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकताना) मागचा पाय प्लेटवरून ढकलला जातो आणि चवडा ओढत पुढे येतो. शंभर पिचेसमध्ये तो चवडा एकाच जागी शंभर वेळा माती खरवडतो. मेटलने हा चर झपाट्याने खोल होतो, मग पिचर त्याच्या कडेला अडखळते आणि पाऊल उचलून उडी मारायला लागते. कोच तंत्र सुधारत बसतो, दोष मात्र खड्ड्याचा असतो.

मेटल घालणाऱ्या पिचरसाठी प्लेटच्या पुढे ओलसर चिकणमाती भरून ठोकणं दर इनिंगला हवं, नुसती सुकी माती लोटून उपयोग नाही, ती पहिल्या पिचला उडते. उतरणाऱ्या पायाच्या जागीही तेच. चवड्याला कातड्याचं किंवा प्लास्टिकचं टो गार्ड लावा. नाहीतर बुटाचं नाक महिन्याभरात फाटतं आणि अंगठा बाहेर येतो. माझ्या मते पिचरला पंधरा-सोळापर्यंत मोल्डेड पुरतो. तिला धावण्याची पकड कमी आणि ओढण्याची मोकळीक जास्त लागते. घरी मॅटवर सराव करताना मेटल घातलं तर मॅट दोन दिवसांत चिंध्या.

बदल करायचाच असेल तर

"हायस्कूलला गेल्यावर घालायचेच आहेत, मग आत्तापासून सवय" हा युक्तिवाद मला पटत नाही. सवय व्हायला तीन-चार आठवडे पुरतात, तीन-चार वर्षं नाही. पण ते आठवडे सीझनच्या आधी असावेत, मधे नव्हे.

माप घेताना संध्याकाळी घ्या, सामन्यात घालतो त्या मोज्यांसकट. अंगठ्यापुढे सेंटीमीटरभर जागा. वाढती मुलगी म्हणून एक नंबर मोठा घेण्याचा मोह मेटलमध्ये तर अजिबात नको: पाती जमीन पकडून बसतात आणि पाऊल बुटाच्या आत सरकतं, म्हणजे पिळायला आणखी एक सांधा मिळतो. टाच उचलून बघा, बुटात वर-खाली होत असेल तर तो बूट परत.

पहिला आठवडा फक्त सरळ धावणं, साठ-सत्तर टक्के वेगाने, आणि थांबताना लहान लहान पावलं. एका पावलात ब्रेक मारायची मोल्डेडमधली खोड इथे सोडावी लागते. दुसऱ्या आठवड्यात बेसची वळणं आणि फिल्डिंगची आडवी धाव. तिसऱ्यात बॅटिंग, वर सांगितलेला ठशांचा तपास करून. स्लाइड सगळ्यात शेवटी, सुटणाऱ्या बेसवर, ओल्या मातीत, आणि त्या दिवशी दुसरा सराव नाही. मधेच घोटा किंवा गुडघा दुखला, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली, तर क्रम एक आठवडा मागे.

बॅगेत मोल्डेडची जोडी कायम ठेवा. मैदान कडक निघालं, बेस पक्के निघाले किंवा आयोजकांनी टर्फवर सामना हलवला, तर तीच लागणार आहे. मेटल घालायचे ते डगआउटच्या (मैदानाकडेच्या संघाच्या जागेतल्या) बाकावर बसून, गवताच्या कडेला, आणि सामना संपला की तिथेच काढायचे. सिमेंटच्या पायऱ्यांवर स्टील बर्फासारखं घसरतं. डगआउटमध्ये रबराची पट्टी टाकलेली नसेल तर लीगच्या ऑफिसात ती मागून घ्या. घरी आल्यावर पात्यांमधली माती लाकडी काडीने काढून सुकं फडकं मारा, ओले बूट बंद पिशवीत ठेवू नका. गंज आधी पात्याच्या मुळाशी, रिव्हेटभोवती धरतो, वरून दिसत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक पातं चिमटीत धरून हलवा. एक जरी हललं तर ती जोडी बाद.